मागितली तीच पट्टी

ज्या माणसावर मी सूड उगवला तो आता हयात नाही, तरी त्याच्याबद्दल लिहायला बसलो की माझा जबडा आवळतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी चुकलो हे कबूल करायला लिहितो आहे, पण लिहिताना राग आहेच. तो बाजूला ठेवून लिहायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा दोन पानांच्या पुढं गेलो नाही.

नेर तालुक्यातल्या आमच्या गावात भजनी मंडळ होतं. माझं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून द्यायचो, आणि मंडळात पेटी वाजवायचो. मंडळाचे अध्यक्ष आणि मुख्य गायक एकच होते. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. त्यांचा आवाज खरोखरच मोठा होता, हे मला कधी नाकारता आलं नाही. लाइट गेली आणि माइक बंद पडला तर लोक उलट खूश व्हायचे, की आता काकाजींचा खरा आवाज ऐकायला मिळेल.

सभागृहात दोन रांगा समोरासमोर बसायच्या. मधे काकाजी, त्यांच्या डावीकडे मी, उजवीकडे ढोलकी. काकाजी ओळ टाकत आणि रांगा ती उचलत. या मागून म्हणण्याला आमच्याकडे झील म्हणतात. रांगेत कोणी बसायचं ते काकाजीच ठरवत. नवा माणूस घेतला की त्याला मंडळाच्या टाळांची एक जोडी मिळायची. तो गाव सोडून गेला किंवा वारला, की त्याच्या घरी जाऊन ती जोडी परत आणायची, अशी रीत होती.

ती माझ्या वर्गात होती. तेव्हा सगळे तिला मुलगा समजत, मीही समजत होतो, आणि हाक मारताना तसंच बोलत होतो. इथं मात्र मी पहिल्यापासून ती असंच लिहिणार आहे. माझ्याकडून तिला उशिरा मिळालेल्या गोष्टींपैकी ही एक. चौदाव्या वर्षापासून ती रांगेत बसायची. बाकीच्या पोरांचे आवाज फुटले, जाड झाले. तिचा वरच राहिला, आणि काकाजींनाही तो हवा होता, कारण वरची झील म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. आम्ही सोबतच यायचो, सोबतच घरी जायचो.

आम्ही बाविशीचे असू. ती एका गुरुवारी बांगड्या घालून आली. काकाजी काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी टिकली लावून आली. तेव्हा त्यांनी चालू भजन थांबवलं आणि बोटानं दार दाखवलं. ती उठली, चपला घातल्या आणि गेली. मग काकाजी माझ्याकडे वळले.

"अन् तू काहून खाली पाह्यतं बे? रोज संगच येता, संगच जाता. तुलेबी बांगड्या आणू काय?"

दोन्ही रांगा हसल्या. मीही हसलो. ते हसू माझ्या तोंडावर होतं तेवढ्यात ते म्हणाले, "जाय मंग, त्याच्या घरून टाळ घेऊन ये."

मी गेलो. कोणीही जाऊ शकलं असतं, पण मीच जावं अशी त्यांची इच्छा होती आणि मी नाही म्हटलं असतं तर पुढच्या गुरुवारी माझ्याविषयी काय बोललं जाईल, ते मला ठाऊक होतं. तिची आई दारात तूर पाखडत होती. ती आतून टाळ घेऊन आली, ओच्याला पुसले, माझ्या हातात दिले. म्हणाली, "दोरी नवी टाकली हाय. कालच." आई गावातच राहिली, ती मात्र महिन्याभरात नागपूरला निघून गेली. जाताना मला भेटली नाही.

काकाजींवरचा माझा राग त्या दिवसाचा. त्यांनी तिला घालवलं म्हणून मी त्यांचा द्वेष करतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्यांनी मला भित्रा ठरवलं, तेही दोन रांगांसमोर, आणि मी तसाच निघालो, याचा तो राग होता.

आता पट्टीविषयी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा ज्या पट्टीवर आपला सा धरतो ती त्याची पट्टी. काकाजींची होती काळी तीन. पुरुषाच्या गळ्याला ही चढी पट्टी आहे, आणि त्यांना तिचा फार अभिमान होता. भजन सुरू करण्याआधी ते उजवा हात डोक्याच्या वर नेऊन तीन बोटं दाखवत. मला दिसायला हात एवढा वर नेण्याची गरज नव्हती, मी शेजारीच बसलेला असायचो. ती बोटं लोकांसाठी होती.

साठीकडे झुकल्यावर तंबाखू-सुपारीच्या खर्‍र्‍यानं आणि वयानं त्यांचा गळा जड झाला. एका तेरवीला, म्हणजे कोणाच्या तरी तेराव्याला, वरच्या ओळीत त्यांचा आवाज चिरकला. पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी तीन बोटं दाखवली आणि मी गुपचूप पांढरी तीन धरली, म्हणजे दोन घरं खाली. त्यांनी पेटीवरून एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि गायला सुरुवात केली. आवाज मोकळा लागला. याविषयी आम्ही एकमेकांशी कधी एक शब्द बोललो नाही. पाच वर्षं ते तीन बोटं दाखवत राहिले आणि मी पांढरी तीन देत राहिलो. लोक म्हणायचे, या वयात काळी तीन, पाहा. पेटी वाजवणारे हे करतातच, म्हाताऱ्या गायकाची अब्रू त्यांच्या बोटांत असते. पण ज्याचा मी द्वेष करायचो त्याची अब्रू मी पाच वर्षं का सांभाळली? आता वाटतं, कधीतरी ती माझ्या हातात असावी म्हणून.

कापसाची ती वाईट वर्षं होती. मंडळाला लग्नांपेक्षा तेरव्यांची बोलावणी जास्त यायची. जवान माणसं पुण्याकडे, सुरतेकडे कामाला निघून गेली आणि रांगांत मिळून सहा माणसं उरली, त्यातली दोन खोकणारी. जुना ढोलकीवाला मुलाकडे गेला, तेव्हा काकाजींना बौद्ध वस्तीतल्या एकाला बोलवावं लागलं. तो भीमगीतांच्या कार्यक्रमात वाजवायचा, हात फार गोड. पहिले सहा महिने त्यानं सभागृहाच्या पायरीवर बसून वाजवली. मग आत आला. पाण्याची बाटली मात्र तो शेवटपर्यंत स्वतःची आणायचा, आणि आमच्यातल्या कोणी त्याला माठाकडे बोट दाखवल्याचं मला आठवत नाही. मीही नाही.

अशा दिवसांत ती परत आली. आईला लकवा झाला होता आणि करणारं दुसरं कोणी नव्हतं. एसटीतून उतरली ती साडीत, खांद्याला मोठी बॅग. पानठेल्यावरची माणसं काय काय बोलली ते लिहीत नाही. आठ दिवसांनी ती माझ्या दुकानात आली आणि टेबलावर मिक्सर ठेवला.

"काय बे, वळखलं का नाई?"

"वळखलं."

"मंग खाली काहून पाह्यतं? मिक्सर खराब झाला, मी नाई."

मला माफी मागायची होती. दहा-बारा वर्षं मनात तयार होती. मी म्हणालो, "दोन दिवसांनी ये, होऊन जाते."

"मंडळ चालू हाय म्हणा अजून," ती म्हणाली. "घरी ऐकू येते. झील म्हणून राह्यले का मांजरं रडून राह्यले, समजतच नाई."

"बसतं काय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं मिक्सरची वायर गुंडाळली, उलगडली. मग हसणं बाजूला ठेवून म्हणाली, "मले फक्त त्या रांगेत बसाचं हाय. गावाचं बाकी काई नाई पाह्यजे मले. पण रांगेत. मागं नाई, बाजूले नाई."

मी काकाजींना विचारलं. ते खर्रा घोटत होते. घोटून झाल्यावर म्हणाले, "रांगेत नाई. खांबाच्या मांगं बायायच्या सतरंजीवर बसून म्हणत असंल तं म्हणू दे. कोणी इचारलं तं म्या नाई बोलावलं."

मला वाटलं ती ऐकून चिडेल. मला तिनं चिडायला हवं होतं. ती म्हणाली, "चालते."

"चालते? आताच तं म्हणली, बाजूले नाई."

"अबे, बसल्याबिगर सरकता येते काय?"

ढोलकीवाला दुकानात बसला होता. तो मान हलवून म्हणाला, "बराबर हाय बाईचं. म्याबी सहा महिने पायरीवरच काढले ना. आतल्यायच्या टाळ्या चुकल्या, तवा घेतलं मले आत."

ती खांबामागं बसायला लागली आणि झील जिवंत झाली. पहिल्याच गुरुवारी वरची ओळ अशी आली की रांगेतली दोघं वळून पाहायला लागली. मग त्या सतरंजीवर चार बाया येऊन बसायला लागल्या, मग सात. दर गुरुवारी ती खांबाच्या थोडी पुढं बसायची. काकाजींनी ते पाहिलं असणारच. एकदा ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, "खांबाकडून, वरची एकदा आणखी." दुकानात येऊन तिनं त्यांची नक्कल केली, खर्रा तोंडात धरून बोलण्याची, आणि पोट धरून हसली. "एका गुरुवारी वीतभर. होळीपर्यंत रांगेत पोचीन, पाह्य तू."

मला हसू येत नव्हतं.  ती वीत मोजत होती आणि मी अपमान मोजत होतो, तिचे, आणि तिच्या नावाखाली माझे.

त्याच हिवाळ्यात नेरजवळच्या एका गावी भजनस्पर्धा जाहीर झाली. फॉर्म आला. काकाजी सभागृहात बसून नावं लिहीत होते. आम्ही सगळे होतो, तीही होती. फॉर्मवर दोनच रकाने, पुरुष गट आणि महिला गट. आमचं मंडळ पुरुष गटात.

ती खांबाकडून म्हणाली, "काकाजी, माह्यं जुनं नाव लिवा. मले चालते."

 ते नाव तिनं परत आल्यापासून एकदाही उच्चारलं नव्हतं, आणि कोणी त्या नावानं हाक मारली तर ती वळायची नाही. रांगेसाठी ती तेही द्यायला तयार होती.

काकाजी म्हणाले, "अन् साडी नेसून बसशीन पुरुष गटात? साऱ्या तालुक्यात टिंगल कराची हाय काय मंडळाची?"

"बरं," ती म्हणाली. "मंग खाली बसून ऐकीन. जीपमंधी जागा हाय ना?"

"जीपमंधी ये."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मी ते टोपण लावताना पाहिलं आणि तिथंच ठरवलं. मला काही कट करायचाही नव्हता. त्यांनी जे मागितलं असतं ते फक्त द्यायचं होतं.

स्पर्धा दुपारची होती, शाळेच्या पटांगणात मंडप. आमचा नंबर चौथा. खाली तीनेकशे माणसं, तालुक्यातली मंडळं, परीक्षक. ती उजवीकडे कडुनिंबाखाली दुसऱ्या मंडळांच्या बायांत बसली होती. काकाजींनी हात वर नेला, नेहमीपेक्षा वर, आणि तीन बोटं दाखवली. मी काळी तीन धरली.

ढोलकीवाला माझ्याकडून सूर घेऊन ढोलकी आवळायला लागला. त्याला पट्ट्यांची नावं कळत नव्हती, तो कानावर चालायचा. आवळता आवळता हळूच म्हणाला, "मास्तर, आज वर हाय काय?"

"काकाजीनं सांगितली तेच हाय," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि ते खरं असण्यात मला फार सुख होतं.

धृपद निभावलं. पहिला अंतरा वर चढला तिथं त्यांचा गळा अडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच, फक्त या वेळी विनवणी होती. खाली ये, एवढंच ते डोळे म्हणत होते. मी त्यांच्याकडे पाहत भाता पूर्ण उघडला आणि सूर आणखी दाबून धरला. ते पुन्हा चढले आणि आवाज फाटला. माइकमधून तो सगळ्या पटांगणात गेला. खोकला आला. कोणीतरी शिट्टी मारली. झीलवाल्यांनी ओळ दोनदा उचलली, मग तेही थांबले. काकाजी टोपी हातात घेऊन उठले आणि जिन्याकडे न जाता मंचाच्या कडेवरूनच, हात टेकत खाली उतरले. तेवढं मी डोळे भरून पाहिलं. मग कडुनिंबाकडे पाहिलं. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या पेटीवरच्या बोटांकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं तर ती आधीच पायरीवर बसलेली.

"पांढरी तीनवर गात होता ना बुढा इतके दिवस?"

मी मान हलवली. तिला ते खांबामागून पहिल्या गुरुवारीच समजलं होतं.

"तुह्यासाठी केलं," मी म्हणालो.

"माह्यासाठी? मले इचारलं होतं काय?"

"तुनं नाव देईन म्हटलं अन् त्यानं..."

"माह्यं नाव, मी देईन नाईतर नाई देईन. तुले कायले आग लागली?" तिचा आवाज चढला नाही. "मी वीतभर वीतभर सरकून राह्यलती बे. तुनं सतरंजीच ओढली."

तिला काय म्हणायचं होतं ते दोन दिवसांत कळलं. गावात बोललं गेलं की जीपमध्ये तिला घेतलं तिथंच चुकलं. असल्या माणसाला शुभ कामात कोण नेतं? कोणी म्हणालं अपशकुन झाला, कोणी म्हणालं तिनंच काकाजींचा गळा बांधला, जुना राग होता ना. सतरंजीवरच्या बाया यायच्या थांबल्या. तिच्या आईला कूस बदलून द्यायला एक बाई सकाळ-संध्याकाळ यायची, तिनंही यायचं सोडलं. सभागृहाच्या दारात एका झीलवाल्यानं तिला अडवून सांगितलं की आता पायरीही चढू नको. काकाजी स्वतः यातलं काही बोलले नाहीत. पण कोणी त्यांच्यासमोर बोललं तर थांबवलंही नाही. त्यांनी गाणं सोडलं आणि गळ्याला मफलर गुंडाळून घराच्या ओट्यावर बसायला लागले. त्यांना खरंच वाटत होतं की गळा गेला. मंडळ बंद पडलं.

"सांग त्यायले," ती मला म्हणाली.

"तू सांग ना. तुले तं सारं मालूम हाय."

"मी सांगितलं तं म्हणतीन, आपलं पाप मास्तरवर ढकलून राह्यली. माह्यं कोण ऐकते?"

मी सांगतो म्हणालो, आणि पाच गुरुवार सांगितलं नाही.

भीती होतीच, पण तेवढंच कारण नव्हतं. मला मजा येत होती. दुकानातून घरी जायचा माझा रस्ता काकाजींच्या घरावरून नव्हता. त्या दिवसांत मी वळसा घालून तिकडून जायचो, ओट्यावरची ती मफलर पाहायला. एकदा मी येतोय हे त्यांना दिसलं नाही आणि ते स्वतःशी गुणगुणत होते. मला पाहताच थांबले आणि खर्‍र्‍याची पुडी चाचपायला लागले. त्या दिवशी मी घरी जाऊन चार भाकरी खाल्ल्या. बायकोला वाटलं, धंदा सुधारला असेल. तिकडं ती एकटी आईला उचलत होती, आणि मला ते माहीत होतं. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी जाणत होतो आणि झोप मला नीट लागत होती. लिहिताना सगळ्यात जास्त लाज याची वाटते.

पाचव्या गुरुवारनंतर ती आली तेव्हा तिचा उजवा खांदा धरला होता, हात वर होत नव्हता. स्टुलावर बसली.

"तुले बुढ्याचा गळा दाबून ठेवाचा हाय का मले रांगेत बसवाचं हाय, ते एकदा सांगून टाक. दोन्ही नाई होत."

"सांगतो ना मी. साऱ्या गावासमोर सांगतो. तीन बोटं दाखवून पाच वर्सं पांढरी तीनवर गाऊन राह्यला, हे बी सांगतो."

"ते नाई सांगाचं."

"काहून? खरं हाय ते."

"खरं हाय म्हणूनच. लोकाईसमोर त्याले असा नागडा केला, तं थो पुन्हा सभागृहात पाय नाई ठेवणार. अन् बुढ्याबिगर कोणतं मंडळ अन् कोणती रांग? मी काय खुर्च्यायसमोर झील म्हणू?"

मी तिच्यावरच भडकलो. पाच वर्षं सांभाळलेलं ते एकच तर माझ्याकडे होतं. तो सच्चा घाव मी राखून ठेवला होता, आणि ज्याच्यावर घालायचा त्यालाच वाचवायला ती सांगत होती. ती माझं बोलणं संपेपर्यंत खांदा चोळत बसली. मग म्हणाली, "झालं? मंग उद्या बोलाव साऱ्यायले."

आज ती अट मी मोडतो आहे. तिला विचारून. ती म्हणाली, "आता लिव. बुढा गेला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृहात सगळे आले. काकाजी मफलर घालून जागेवर बसले. ती आत आली नाही, पायरीखाली उभी राहिली. मी पेटीजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "स्पर्धेच्या दिवशी काकाजीचा गळा गेला नव्हता. त्यायनं काळी तीन मागितली. म्या काळी चार दिली, आणखी वरची. जाणूनबुजून. त्या पट्टीवर कोणाचाबी आवाज फाटला असता."

 मग ढोलकीवाला गोंधळून म्हणाला, "पण मास्तर, म्या इचारलं तवा तं तुमी म्हणले, काकाजीनं सांगितली तेच हाय."

 मी काकाजींकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मी काय दिलं होतं, पाच वर्षं काय देत होतो, आणि आता काय झाकतो आहे, सगळं. त्यांनी सावकाश मफलर सोडली.

"खोटं बोलला थो तवा," ते म्हणाले. "काळी चारच होती. मले समजली नाई काय?"

इतक्या शांतपणे खोटं बोललेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि मला मान हलवावी लागली. मी एकदाच हो म्हणालो आणि रांगा उठल्या. बेइमान, नमकहराम, आणि आईवरून. एकजण पेटी फोडायला निघाला. काकाजींनी हात वर करून त्याला बसवलं. "पेटी मंडळाची हाय. हे ठेवंल अन् जाईल." हे म्हणजे मी.

"जातो," मी म्हणालो. "पण तिचा यात काई संबंध नव्हता, एवढं तुमी तुमच्या तोंडानं बोला."

त्यांनी खर्रा काढला, तळहातावर घेतला, तोंडात टाकला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते आणि ते सभागृहाच्या दाराकडे. मला वाटलं, आता हा माणूस तेही देणार नाही, आणि मग मी सगळं सांगून टाकीन. शब्द ओठांवर होते. पांढरी तीन. दोनच शब्द. खरं सांगायचं तर तो नाही म्हणेल अशी मी वाट पाहत होतो.

"काय उभी हाय व बाहेर?" काकाजी दाराकडे पाहून म्हणाले. "झील मेली हाय आपली. ये, बस."

ती पायऱ्या चढून आली. बायांच्या सतरंजीशी ती थांबली नाही, खांबाशीही नाही. उजव्या रांगेत ढोलकीवाल्यानं सरकून जागा केली, तिथं ती बसली, दुखरा खांदा भिंतीच्या बाजूला ठेवून. कोणी उठून गेलं नाही. एकानं तोंड वाकडं केलं, पण बसून राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी भात्याचा पट्टा लावला, पेटीचं झाकण घातलं आणि बाहेर पडलो.

रस्त्यावर आलो तेव्हा मागून आवाज आला. पेटीशिवायच सुरू केलं होतं, म्हणून काकाजी आपल्याला परवडेल तिथून गात होते, फार खालून, आणि आता कुठली पट्टी ते विचारणारं तिथं कोणी नव्हतं. आवाज जुनाच, भरलेला. महिनाभर मी जो बंद पाडला होता तो माझ्याच शब्दानं उघडला होता. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांना गळा मिळाला, अब्रू मिळाली, वर चांगली झील मिळाली, असा विचार करत मी दात खात चाललो होतो. मग तिनं ओळ उचलली.

मी दुकान उघडलं. टेबलावर एक मोटार अर्धी भरून पडली होती, ती पुढं घेतली. सभागृह दुकानापासून लांब नव्हतं, सगळं ऐकू येत होतं, आधी ते, मग ती. त्यांचा आवाज मला सहन होईना. मी उठून शटर खाली ओढलं. आत अंधार झाला आणि तिचाही आवाज गेला. मी शटर पुन्हा वर केलं.